मताचा बांध कोण कोरतो?

शेतकरी बंधूंनो, शेजाऱ्याने नांगर वळविताना वीतभर बांध कोरला, तर तुम्ही काय करता? आधी शिव्या, मग पंच, मग मोजणीचा अर्ज, मग तालुक्याची कचेरी आणि शेवटी कोर्ट. वीतभर मातीसाठी आजा लढला, बाप लढला आणि नातूही वकिलाच्या दारी बसला, अशी घरे आमच्या गावात आहेत, तुमच्याही गावात असतील. आम्ही त्याला हसत नाही. जमीन ही कुणब्याची आई आहे, तिची हद्द तो राखणारच. पण आमचा तुम्हाला सवाल असा आहे की, जमिनीच्या बांधाला इतके जपणारे तुम्ही, तुमच्या मताचा बांध २००८ साली नव्याने आखला गेला, तेव्हा कोठे होता? नकाशा पाहावयास कोण गेला होता? हरकत कोणी घेतली होती?

कोणीच नाही. आम्हीही नाही. शाळामास्तर असून, वर्गात मुलांना नकाशा शिकवीत असून आमच्या ध्यानी आले नाही. तेव्हा ही चूक आधी आमच्या पदरात घेऊन मग चार शब्द लिहितो.

निवडणुकीच्या कामावर मास्तर लोकांची नेमणूक होते, हे सर्वांस ठाऊक आहे. एकदा याद्यांचे काम करीत वारणेच्या खालच्या अंगाला चांदोलीच्या विस्थापितांच्या वसाहतीत गेलो होतो. एक म्हातारा यादीत आपले नाव बोटाने शोधीत होता. शोधता शोधता त्याने विचारले, "मास्तर, आमचं बुडालेलं गाव कुठल्या खासदाराच्या हद्दीत हाय वो?" आम्ही म्हणालो, "बाबा, ह्याच मतदारसंघात. वर डोंगरात तुमचं गाव होतं, तेही ह्यातच आणि ही वसाहतही ह्यातच." म्हातारा क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "मंग आमचं पाणी पिणारा, आमची जमीन गेलेली आणि आमास्नी वसवणारा, समदे एकाच पेटीत मत टाकत्यात म्हणा की! तरी आजवर कुणी इचारलं न्हाई ते!"

त्या अडाणी म्हणविणाऱ्या माणसाने जे एका वाक्यात ओळखले, ते शिकलेल्यांनी अजून ओळखलेले नाही. म्हणून हा लेख.

आमच्या मतदारसंघाचे नाव हातकणंगले. महाराष्ट्राच्या लोकसभेच्या ४८ जागांच्या यादीत तो ४८वा, अगदी शेपटाला. २००८ च्या फेररचनेत पूर्वीचा इचलकरंजी मतदारसंघ मोडला आणि हा नवा झाला. २००९ साली त्याची पहिली निवडणूक झाली. खरेदीखतात लिहितात तशी त्याची चतुःसीमा सांगावयाची तर अशी: पश्चिमेस सह्याद्रीचा कडा आणि पलीकडे रत्नागिरी जिल्हा; उत्तरेस सातारा जिल्ह्यातील पाटण व कराड; पूर्वेस सांगली मतदारसंघ आणि कर्नाटकाची हद्द; दक्षिणेस कोल्हापूर मतदारसंघ व पुन्हा कर्नाटक. आत विधानसभेचे सहा तुकडे. शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी व शिरोळ हे चार कोल्हापूर जिल्ह्यातले; इस्लामपूर व शिराळा हे दोन सांगली जिल्ह्यातले. पैकी हातकणंगले हा अनुसूचित जातींसाठी राखीव. मधून वाहते वारणा. एका बाजूस कोल्हापूर जिल्हा, दुसऱ्या बाजूस सांगली जिल्हा आणि दोन्ही काठांवर एकच ऊस, एकच भाषा, एकच सोयरीक.

पुष्कळ शहाणे लोक म्हणतात की, हा मतदारसंघ म्हणजे ठिगळांची गोधडी आहे. डोंगरातली शाहूवाडी कोठे आणि सपाटीवरचे शिरोळ कोठे? इचलकरंजीचे माग कोठे आणि वाळव्याचा ऊस कोठे? दोन जिल्हे, दोन कलेक्टर, लोकांनी जावे कोणाकडे? ऐकावयास हे बरे वाटते. पण जरा मागे वळून पाहा म्हणजे खरी ठिगळे कोणी लावली होती ते कळेल.

शंभर वर्षांपूर्वी ह्याच मुलुखात रयत एक होती, पण धनी पाच होते. शिराळा-वाळवा हा भाग इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. शिरोळ, आळते, पन्हाळा हा मुलूख कोल्हापूर दरबारचा. इचलकरंजीचे जहागीरदार वेगळे, विशाळगडचे वेगळे, आणि कुरुंदवाडास पटवर्धनांचे संस्थान. नदीच्या अलीकडे एक कायदा आणि पलीकडे दुसरा. एका काठावर एका धन्याचा शेतसारा, दुसऱ्या काठावर दुसऱ्याचा. मुलगी नदीपलीकडे दिली की ती दुसऱ्या राज्यात गेली! ह्या रेघा कोणी आखल्या? ज्यांनी आखल्या त्यांनी कुणब्याला किंवा कोष्ट्याला विचारले होते काय? मुळीच नाही. तलवारीने, तहाने, इनामपत्राने रेघा पडल्या आणि रयतेने त्या मुकाट्याने सोसल्या. १९४८-४९ साली संस्थाने विलीन झाली तेव्हा धनी गेले, पण रेघांची खोड मनातून गेली नाही. अजून आमचा माणूस "ते सांगलीवाले, आम्ही कोल्हापूरवाले" म्हणून मिशीला पीळ देतो. त्या मिशीत धन्याने आखलेली रेघच लपलेली आहे, हे त्या बापड्याला कळत नाही.

आणि ज्यांनी ही रेघ मानली नाही ते कोण होते? कर्मवीर भाऊराव पाटील १८८७ साली कुंभोजला जन्मले; कुंभोज हे हातकणंगले तालुक्यात. त्यांचे मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. ते वाळवे तालुक्यात. म्हणजे जन्म वारणेच्या एका अंगाला, घर दुसऱ्या अंगाला. ज्या माणसाने १९१९ साली रयत शिक्षण संस्थेचे रोप लावले आणि सर्व जातींच्या पोरांना एका पंगतीला बसविले, त्याच्या दोन्ही गावांना एका मतपेटीत आणावयास १९४७ नंतरही साठ वर्षे लागली! १९२० साली माणगावास अस्पृश्य बांधवांची परिषद भरली, डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते, शाहू छत्रपती स्वतः आले होते. ते माणगावही ह्याच हातकणंगले तालुक्यात. १९३० चा बिळाशीचा सत्याग्रह शिराळ्याच्या भागातला. क्रांतिसिंह नाना पाटलांचे येडे मच्छिंद्र आणि अण्णा भाऊ साठ्यांचे वाटेगाव वाळवे तालुक्यातले. हा मुलूख ठिगळांचा नाही, बाबांनो! हा एकाच सुताचा आहे. फक्त उभा धागा एकाच्या हाती आणि आडवा दुसऱ्याच्या हाती देऊन कोणीतरी दोघांना भांडत ठेवले आहे.

आता ते भांडण पाहू. इचलकरंजीस १९०४ साली पहिला यंत्रमाग आला. आज तेथे महानगरपालिका आहे. कापड देशभर जाते. पण त्या शहराला प्यावयास स्वच्छ पाणी नाही. पंचगंगा घाण झाली. २०१२ साली काविळीची साथ येऊन माणसे दगावली. कृष्णेचे पाणी मजरेवाडीहून आणले. नळ जागोजाग फुटू लागला. मग दानोळीहून वारणेचे पाणी आणावयाचे ठरले, तेव्हा वारणाकाठचे शेतकरी रस्त्यावर आले. मग सुळकूडहून दूधगंगेचे पाणी आणावयाचे ठरले, तेव्हा दूधगंगाकाठचे शेतकरी उठले. मागावर रात्रपाळी करून आलेला माणूस रिकामी घागर घेऊन टँकरची वाट पाहतो आणि शेतकऱ्याला शिव्या देतो. शेतकरी म्हणतो, आमचा ऊस वाळवून ह्यांच्या रंगाच्या हौदांना पाणी देणार काय?

आमचे असे स्पष्ट म्हणणे आहे की, ह्या भांडणात शेतकरीही खोटा नाही आणि विणकरही खोटा नाही. खोटा तो, जो दोघांच्या सभेत दोन वेगळी भाषणे करतो. चांदोलीचे धरण ३४ टी.एम.सी.वर पाणी धरते. धरणात किती, शेतीला किती, पिण्याला किती, गळतीत किती गेले, ह्याचा हिशेब एका फळ्यावर मांडून दोघांना समोरासमोर बसवावे, हे काम कोणी केले? तसे केले तर भांडण मिटेल. आणि भांडण मिटले तर पुढल्या निवडणुकीत भाषण कशावर करावयाचे?

येथे सीमेची गोम ध्यानात घ्या. दानोळी शिरोळ तालुक्यात आहे, म्हणजे आमच्याच मतदारसंघात. दानोळीचा शेतकरी आणि इचलकरंजीचा मागवाला, दोघांचा खासदार एकच. त्याला कोणा एकाची बाजू घेऊन भागत नाही. न्याय सांगणे भाग पडते. पण सुळकूड कागल तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर मतदारसंघात. भांडणाने हद्द ओलांडली की दोन खासदार झाले. हा आपल्या काठाची बाजू घेतो, तो आपल्या काठाची. दोघांचीही मते पक्की आणि घागर रिकामीच! पंचगंगेच्या घाणीचेही तेच. कोल्हापूर शहराचे सांडपाणी वरच्या मतदारसंघातून येते, त्यात इचलकरंजीचे रंगाचे पाणी काळ्या ओढ्यातून मिसळते आणि मासे मरतात ते शिरोळात तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी. घाण करणारा एका हद्दीत, नाक धरणारा दुसऱ्या हद्दीत. म्हणून म्हणतो, मतदारसंघाची रेघ म्हणजे कागदावरची शाई नव्हे. कोणाच्या दुःखाला कोणी उत्तर द्यावयाचे, ते ती रेघ ठरविते.

कोणी म्हणेल, मास्तर, पाण्याचे काम मुंबईच्या सरकारचे. दिल्लीचा माणूस त्यात काय करणार? तर ऐका. उसाची एफ.आर.पी. दिल्लीत ठरते. ऊस तुटल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, हा १९६६ चा हुकूम दिल्लीचा. साखर परदेशी जावी की न जावी, हे दिल्ली सांगते. सुताची निर्यात, कापडावरचा कर, हेही दिल्लीच्या हाती. कृष्णा चार राज्यांतून वाहून समुद्राला मिळते. अलमट्टीची उंची किती असावी, महापुरात कोणते दार कधी उघडावे, ह्या तंट्याचा निवाडा दोन राज्यांच्या वर जो बसला आहे त्यानेच करावयाचा. २००५, २०१९, २०२१ अशा तीन महापुरांत शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे पाण्यात गेली. कुरुंदवाड आणि नृसिंहवाडीचे लोक गुरेढोरे सोडून निघाले. ऊस, सूत आणि पाणी, ह्या तीन गोष्टींवर आमची चूल पेटते आणि तिन्हींची दोरी दिल्लीच्या हातात आहे. असे असता आम्ही खासदाराजवळ काय मागतो? समाजमंदिर! कमान! हायमास्ट दिवा! वर्षाला ५ कोटींच्या निधीतून आमच्या वाडीला किती आले, एवढाच आमचा हिशेब. सोन्याची खाण ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडे आम्ही चिमूटभर तंबाखू मागतो आणि ती मिळाली की खुश होऊन घरी येतो. मग तो तरी दुसरे काय देईल?

आता मतदारसंघ वतनाप्रमाणे कसा चालतो तेही पाहा. १९७७ पासून १९९१ पर्यंत पाच निवडणुका जुन्या इचलकरंजी मतदारसंघातून बाळासाहेब माने जिंकले. १९९९ व २००४ साली त्यांच्या सूनबाई निवेदिता माने. २०१९ व २०२४ साली नव्या हातकणंगल्यातून नातू धैर्यशील माने. मधल्या १९९६ व १९९८ साली कल्लाप्पाण्णा आवाडे. त्यांचेही घर इचलकरंजीच्या राजकारणात तिसऱ्या पिढीत आले आहे. ह्या माणसांशी आमचे वैर नाही. लोकांनी निवडून दिले म्हणून ते गेले. त्यांनी चोरी केली नाही. आमचे भांडण तुमच्याशी आहे! वतने खालसा करा म्हणून ज्यांच्या आजोबांनी ओरड केली, त्यांचे नातू मताचे वतन स्वहस्ते लिहून देतात, याला काय म्हणावे?

आणि वतन मोडता येते, हेही ह्याच मतदारसंघाने दाखविले आहे. २००९ साली नव्या हद्दीच्या पहिल्याच निवडणुकीत ऊसदराच्या चळवळीतून आलेले राजू शेट्टी सुमारे ९५ हजार मतांनी निवडून आले. लोकांनी गावोगाव वर्गणी काढली होती. २०१४ साली पुन्हा आले. पण २०१९ साली पडले आणि २०२४ साली तिसऱ्या क्रमांकावर गेले. त्या खेपेस पहिल्या दोघांतले अंतर अवघे १३ हजारांवर होते. हा उतार का झाला, ह्याची कारणे पुष्कळ सांगतात. आम्हाला त्यातले एक महत्त्वाचे वाटते. उसाची चळवळ उसाच्या फडात राहिली, मागाच्या शेडपर्यंत गेली नाही. पिकावर मजुरी मोजून घेणारा माग कामगार, कांडी भरणारी बाई, वहिफणीवाला, खर्चीवर विणणारा छोटा मागवाला, ह्यांना ती आपली वाटली नाही. मागवाल्यांच्या संपाला ऊसवाला कधी गेला काय? आणि उसाच्या परिषदेला जयसिंगपुरास मागवाला कधी आला काय? दोघे एका घरातले भाऊ. एक शेतावर राहिला, दुसरा धाकटा म्हणून शहरात मागावर गेला. पुष्कळ घरांत हे अक्षरशः खरे आहे. दिवाळीला एका ताटात जेवतात आणि निवडणुकीला एकमेकांच्या विरुद्ध वाटले जातात!

डोंगरातल्या बांधवांबद्दलही बोलले पाहिजे, नाही तर आम्हीही तेच पाप केले असे होईल. शिराळा आणि शाहूवाडी ह्या दोन्ही तालुक्यांतल्या लोकांनी चांदोलीच्या धरणापायी व अभयारण्यापायी गावे सोडली. १९८५ साली अभयारण्य झाले, २००४ साली राष्ट्रीय उद्यान, पुढे व्याघ्र प्रकल्प. वाघाला हद्द मिळाली, माणसाची हद्द गेली. त्यांच्या बुडालेल्या शेतावरचे पाणी खाली येऊन आमचा ऊस पिकवते. आम्ही सपाटीवरच्यांनी त्यांना काय दिले? वसाहतीची खडकाळ जमीन आणि "धरणग्रस्त" हे नाव. डोंगरात मते थोडी, वाड्या पांगलेल्या, म्हणून तिकडे पुढाऱ्याची गाडी शेवटच्या आठवड्यात जाते. मतदारसंघ मोठा आहे, हे खरे. पण मोठ्या घरात म्हाताऱ्या आईला ओसरीवर ठेवतात, तो दोष घराचा नव्हे, मुलांचा.

इतके सांगण्याचे कारण असे की, बांध पुन्हा हलावयाचा आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने राज्याराज्यांच्या जागांची संख्या १९७१ च्या शिरगणतीवर गोठविली. २००१ च्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या शिरगणतीपर्यंत लांबविली. मधल्या काळात जागा तेवढ्याच ठेवून २००१ च्या शिरगणतीवर फक्त आतल्या हद्दी बदलल्या, त्यातून हातकणंगले झाले. आता नव्या शिरगणतीचा संदर्भदिवस १ मार्च २०२७ असा जाहीर झाला आहे. त्या आकड्यांवर पुढल्या रेघा पडावयाच्या आहेत. हातकणंगले राहील, मोडेल की तीन ठिकाणी वाटले जाईल, हे आज कोणी सांगू शकत नाही. पण मागील खेपेस काम कसे झाले, ते जाणून घ्या.

२००२ च्या कायद्याने आयोग नेमला. त्याच्या मदतीस प्रत्येक राज्यातून दहा सहयोगी सभासद, पाच लोकसभेचे व पाच विधानसभेचे. म्हणजे ज्यांच्या वतनाची मोजणी करावयाची, तेच मोजणीदाराच्या शेजारी बसलेले! त्यांना मताचा अधिकार नव्हता, हे खरे. पण कानाशी बोलावयास मत लागत नाही. मग आयोगाने कच्चा आराखडा सरकारी गॅझेटात व वर्तमानपत्रांत छापावयाचा, लोकांच्या हरकती व सूचना मागवावयाच्या, जाहीर बैठका घ्यावयाच्या, आणि मग अंतिम हुकूम. तो एकदा निघाला की त्याला कायद्याचे बळ येते. कोर्टाचे दार त्याविरुद्ध जवळजवळ बंदच असते. म्हणजे बांध कोरला म्हणून ओरडावयाची वेळ एकच: कच्चा आराखडा निघतो ती. शेतात पेरणी असो, मागावर ऑर्डर असो, ती वेळ चुकली की पंचवीस-तीस वर्षे गप्प बसावयाचे.

हरकत घ्यावयास वकील लागत नाही. कायद्यातच म्हटले आहे की, मतदारसंघ शक्य तोवर सलग असावा, आणि जमिनीची ठेवण, कचेऱ्यांच्या हद्दी, दळणवळण व लोकांची सोय पाहून आखावा. लोकांची सोय! ती लोकांखेरीज कोण सांगणार? आम्ही गप्प बसलो तर आमची सोय दुसरेच सांगतील, आणि ती त्यांची सोय असेल.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक गावाने मतदारसंघाचा नकाशा शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर लावावा. मुले तो आनंदाने काढतील; आम्ही आमच्या वर्गात काढून घेतला आहे आणि आता पाचवीतली पोर आपल्या आईला वारणा कोठून कोठे जाते ते दाखविते. आराखडा निघताच ग्रामसभा बोलवावी, बायाबापड्यांनी पुढे बसावे, आणि मराठीत ठराव करावा की, वारणेचे दोन काठ तोडू नका, पाणी देणारा व पाणी पिणारा एका हद्दीत ठेवा, आणि एखाद्या घराण्याच्या सोयीने अमुक सर्कल इकडे व तमुक तिकडे करू नका. इचलकरंजीच्या माग कामगारांनी आपल्या वॉर्डातून हाच ठराव करावा. एकाच विषयावर शेतकऱ्याचा व विणकराचा कागद एकाच दिवशी गेला, तर तो वाचणाऱ्याच्या हाताला कंप सुटेल. जातीचे आकडे मांडून "ह्या हद्दीत आपले किती" असे जो सांगत येईल, त्याला विचारा, "पाण्याचा आकडा आणला आहेस काय? नाही? मग वाट धर!"

आणि समजा, इतके करूनही हद्द मोडलीच, तर? तरी आज जोडलेले हात मोडू नका. संस्थानांच्या पाच रेघा असताना कर्मवीरांनी नदी ओलांडली होती. मतदारसंघ सरकारचा असतो. मुलूख लोकांचा असतो.

वीतभर बांधासाठी कोर्टात जाणाऱ्या माझ्या बंधूंनो, आणि एक धागा तुटला तर अख्खा माग थांबविणाऱ्या माझ्या विणकर भगिनींनो, ह्या वेळी मोजणीदार येईल तेव्हा घरी झोपू नका. बांधावर उभे राहा. तो म्हातारा वसाहतीत अजून आपले नाव यादीत बोटाने शोधतो आहे. निदान त्याला आपल्या मुलखाचा नकाशा तरी दाखवा.

— वारणाकाठचा एक शाळामास्तर